फिनलंड १९९३ नंतर उठला, मग २००८ नंतर का नाही?

उत्तरायण
इथे बँकेतले, अर्थशास्त्रातले आणि नॉर्डिक देशांत राहणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे.

१९९१ ते १९९३ या तीन वर्षांत फिनलंडचा जीडीपी सुमारे १० टक्क्यांनी आक्रसला. १९९० साली ३ टक्के असलेली बेरोजगारी १९९४ पर्यंत १६ टक्क्यांच्या वर गेली. हेलसिंकीत फुकट पावासाठी रांगा लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इतका मोठा मार खाल्लेले श्रीमंत देश शोधूनच काढावे लागतील. आणि तरीही १९९४ पासून २००७ पर्यंत हाच देश वर्षाला सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास वाढत राहिला. सगळं जग त्याचा अभ्यास करायला येत होतं.

मग आलं २००९. एका वर्षात जीडीपी ८ टक्क्यांनी घसरला आणि २००८ ची पातळी पुन्हा गाठायला जवळपास दहा वर्षं गेली. गाठतोय तोच कोरोना, मग रशियाचं युक्रेनवर आक्रमण, २०२३ ला पुन्हा मंदी. २०२५ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे माझी मुलगी जन्मली, शाळेत गेली, आता लुकिओत म्हणजे ज्युनियर कॉलेजात आहे, आणि एवढ्या काळात देश जवळजवळ तिथेच.

देश तोच, माणसं तीच, ज्यांचं जगभर कौतुक झालं त्या शाळाही त्याच. मग नव्वदीत जे जमलं ते आता का जमत नाही? ऑफिसात कॉफीच्या टेबलावर दर वेळी 'युरो' हे एकच उत्तर मिळतं. मला ते पुरेसं वाटत नाही.

एक विनंती: 'सरकार फुकट पोसतं म्हणून लोक आळशी झाले' छापाचं एका ओळीत लिहू नका. लिहायचंच तर कारण देऊन लिहा.

सह्यकडा
ऑफिसातली मंडळी बरोबर सांगतात. युरोच.

फिनलंडने आपला मार्का, म्हणजे युरोआधीचं चलन, साधारण दर दहा वर्षांनी खाली आणलेला आहे. १९४९, १९५७, १९६७, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, १९८२, १९९१. प्रत्येक वेळी गोष्ट तीच. मजुरी आणि महागाई वाढते, कागद-लाकूड बाहेर महाग पडायला लागतं, कारखानदार ओरड करतात, अवमूल्यन होतं, निर्यात पुन्हा धावते. १९९९ ला युरोत गेल्यावर हे हत्यारच हातातून गेलं. २००९ ला स्वीडनचा क्रोना घसरला आणि स्वीडन दोन वर्षांत सावरला. शेजारी देश, तेच जंगल, तसेच कारखाने. फरक फक्त चलनाचा.

खातेवही
उत्तरायणताई, प्रश्न चांगला आहे, पण आधी नव्वदीत नेमकं काय झालं ते मांडतो. आयुष्यभर बँकेत कर्जं मंजूर केली आणि वसूल केली, त्यामुळे या प्रकरणाचा मी निवृत्तीनंतर मन लावून अभ्यास केला आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत फिनलंडमध्ये कर्ज म्हणजे रेशनवरची वस्तू होती. आधी खात्यात पैसे साठवायचे, मग मॅनेजरपुढे बसायचं. व्याजावर सरकारी लगाम होता. १९८६ च्या सुमारास हे सगळं सैल झालं आणि परदेशी चलनात कर्ज घ्यायलाही मोकळीक मिळाली. देशात व्याज जास्त, बाहेर कमी, आणि सरकार छातीठोकपणे सांगतंय की मार्का खाली येणार नाही. मग कोण मार्कात कर्ज घेईल? पिठाची गिरणीवाला, हॉटेलवाला, ट्रकवाला सगळ्यांनी परदेशी चलनात कर्जं उचलली. ज्यांची कमाई सगळी मार्कात होती अशा लोकांनी. घरांचे भाव चढले, शेअर चढले.

१९९१ च्या सप्टेंबरात स्कोपबँक ही बचत बँकांची मध्यवर्ती बँक बुडायला आली आणि तिथल्या रिझर्व्ह बँकेने, म्हणजे बँक ऑफ फिनलंडने, ती ताब्यात घेतली. नोव्हेंबरात मार्काचं १२ टक्क्यांच्या वर अवमूल्यन झालं. ८ सप्टेंबर १९९२ ला तो मोकळाच सोडावा लागला. दोन्ही मिळून किंमत तीसेक टक्क्यांनी उतरली असेल. आता त्या हॉटेलवाल्याचा विचार करा. गिऱ्हाईक आटलंय, आणि ज्या कर्जाचे हप्ते तो नेमाने भरत होता त्याचं मुद्दलच मार्कात वाढून बसलंय. चूक त्याची किती आणि 'मार्का मजबूत राहील' म्हणून सांगणाऱ्यांची किती?

यातला सगळ्यात वाईट भाग जामीनदारांचा. भावाच्या, मेहुण्याच्या, शेजाऱ्याच्या धंद्याला लोक जामीन राहिले होते. धंदा बुडाला आणि बँक जामीनदाराच्या घरावर आली. साठीच्या माणसांची राहती घरं लिलावात गेली आणि वर कर्ज शिल्लकच. १९९३ ला कर्जबाजारी व्यक्तींसाठी फेडीची नवी व्यवस्था लावून देणारा कायदा आला तेव्हा कुठे थोडा श्वास घेता आला. आमच्या भागात पतसंस्थांच्या जामीनदारांचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे हे वाचताना मला फिनलंड अजिबात लांब वाटला नाही.

सह्यकडा, तुमच्या यादीतलं १९९१ चं अवमूल्यन म्हणूनच बाकीच्यांसारखं धरू नका. त्याने निर्यातदार तरले, पण परदेशी कर्ज असलेले हजारो छोटे धंदे त्यानेच मारले.

रानफूल
खातेवही काका, सुरेख समजावलंत. पण मी तर असं वाचलं होतं की सोव्हिएत संघ कोसळला आणि फिनलंडचं गिऱ्हाईकच गेलं म्हणून मंदी आली. मग खरं काय?

गवतीचहा
वाचनखूण साठवली. पॉपकॉर्नऐवजी आलं घालून चहा ठेवलाय.

ताम्पेरेकर
रानफूल, दोन्ही खरं. कुणाचा वाटा किती यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात.

सोव्हिएत संघाशी फिनलंडचा व्यापार वस्तूंच्या अदलाबदलीच्या हिशोबावर चालायचा. तिकडून मुख्यतः तेल, इकडून जहाजं, यंत्रं, बूट, कपडे. दर पाच वर्षांचा करार. तेल महागलं की फिनलंडला आपोआप जास्त माल पाठवायची संधी, म्हणजे १९७० च्या दशकात तेलाच्या भडक्यात बाकीचे देश रडत होते तेव्हा यांच्या ऑर्डरी वाढत होत्या. ऐंशीच्या सुरुवातीला निर्यातीचा चौथा हिस्सा तिकडे जायचा. १९९० संपता संपता मॉस्कोने हा हिशोब बंद केला आणि १९९१ मध्ये तिकडची निर्यात सुमारे दोन तृतीयांश घटली.

मी ज्या शहरात राहतो ते ताम्पेरे म्हणजे इथलं गिरणगाव. ताम्मेरकोस्की नावाचा धबधबा शहराच्या मधोमध, त्याच्या दोन्ही काठांना लाल विटांच्या गिरण्या. फिनलेसन ही त्यातली सगळ्यात जुनी, १८२० ची. आज तिच्या आवारात सिनेमागृह, उपाहारगृहं, ऑफिसं आहेत. परळ-लालबाग पाहिलेल्या माणसाला त्या चिमण्या बघून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. बूट आणि कपड्यांच्या कारखान्यांना सोव्हिएत ऑर्डरींची इतकी सवय होती की पश्चिमेत विकण्याजोगा माल त्यांच्याकडे उरलाच नव्हता. हे कारखाने गेले ते कायमचे. मार्का कितीही स्वस्त झाला तरी परत आले नाहीत.

पण बँकांचं प्रकरण नसतं तर फक्त सोव्हिएत धक्क्याने १० टक्के जीडीपी गेला नसता, हे माझं मत. स्वीडनचा सोव्हिएत व्यापार नगण्य होता, तरी त्याच वर्षांत स्वीडनलाही बँकांच्या पायी मंदी आलीच. तिथे मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर १९९२ मध्ये क्रोना वाचवायला व्याजदर ५०० टक्के केला होता. पाचशे!

सह्यकडा
तरी क्रोना सोडावाच लागला, नोव्हेंबर १९९२ ला. आणि सोडल्यावरच स्वीडन सुधारला. माझा मुद्दा कायम.

उत्तरायण
सह्यकडा, मग डेन्मार्कचं काय करणार? डेन्मार्कने २००० च्या सार्वमतात युरो नाकारला, पण त्यांचा क्रोन युरोलाच बांधलेला आहे. अवमूल्यनाचं हत्यार त्यांच्याकडेही नाही. तरी २००८ नंतर डेन्मार्क फिनलंडच्या कितीतरी पुढे गेला.

सह्यकडा
डेन्मार्ककडे औषधं आहेत. मधुमेहाची आणि वजन कमी करायची औषधं एकटी कंपनी विकते, तिच्यावर देशाच्या वाढीचा आकडा हलतो. अशी कंपनी असली की चलन कुठलंही चालतं.

ओउलूची_वारी
'अशी कंपनी असली की' यावर उत्तर फिनलंडमधल्या ओउलू शहरातले आम्ही लोक पुस्तक लिहू शकतो.

नोकियाबद्दल कुणी अजून कसं लिहिलं नाही याचंच नवल वाटत होतं. १८६५ ला ताम्पेरेत कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरुवात. पुढे रबरी बूट, टायर, केबल, टीव्ही, काय वाट्टेल ते. १९९२ ला, म्हणजे मंदीच्या ऐन मध्यावर, योर्मा ओल्लिला मुख्य झाले आणि कंपनीने एकेक धंदा विकून सगळं बळ मोबाइलवर लावलं. जीएसएम या तेव्हाच्या नव्या मोबाइल तंत्रावरचा पहिला अधिकृत फोन १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्येच लागला होता. २००० साली या एका कंपनीचा वाटा देशाच्या जीडीपीत ४ टक्क्यांच्या आसपास आणि निर्यातीत पाचवा हिस्सा. हेलसिंकीच्या शेअर बाजाराच्या एकूण किमतीतला अर्ध्याहून जास्त भाग ती एकटी. एवढी मोठी कंपनी ५० लाख लोकांच्या देशात!

मी इथे आलो तेव्हा उताराला सुरुवात झाली होती. मी नोकरीला होतो ती दुसरी, लहान कंपनी; तिचं नाव नको. पण काम सगळं फोनवाल्यांचंच. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने आपली सॉफ्टवेअर प्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टची घेतली, तेव्हाच आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळलं. पुढच्या वसंतात आमच्या विभागाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. इथे कपात करायची तर आधी कामगारांशी ठरावीक मुदतीच्या वाटाघाटी कराव्या लागतात. तेवढे आठवडे कुणीच कुणाशी धड बोलत नाही. कॅन्टीनमध्ये साल्मन सूपचा वार असला की एरवी रांग लागायची, त्या दिवसांत लोक डबा घेऊन आपापल्या टेबलाशी बसायचे.

सालो गावाचं तर विचारू नका. तुर्कूच्या वाटेवरचं गाव. फोनचा कारखाना तिथे, आजूबाजूचे पुरवठादार तिथे, नगरपालिकेची करवसुली त्याच्यावर. २०१२ ला उत्पादन बंद झालं. राहिलेलं संशोधन केंद्र मायक्रोसॉफ्टकडे गेलं आणि काही वर्षांत त्यांनीही गुंडाळलं. ज्यांनी तिथे घरं बांधली त्यांना ती विकताही येईनात.

ओउलू मात्र त्यातून बाहेर आलं. नोकियाने जाणाऱ्यांना नवा धंदा काढायला बीजभांडवल द्यायची योजना २०११ ला चालू केली होती. विद्यापीठ इथेच, रेडिओ तंत्रज्ञान जाणणारे हजारो इंजिनियर इथेच. छोट्या छोट्या पुष्कळ कंपन्या निघाल्या. माझीही सध्याची नोकरी त्यातल्याच एकीत. पण नोकियाची भरपाई म्हणावी एवढं मोठं त्यातून काही उभं राहिलं नाही, हे मान्य करायला हवं.

गवतीचहा
आमच्या आजोबांचा ११०० अजून घरी आहे. लोडशेडिंगमध्ये त्याच्या बॅटरीवर अख्खी दहावी काढली आमच्या ताईने.

चिंचपोकळी
+१ त्या टॉर्चला. आमच्या गावी अजून एक काका तोच वापरतात, स्मार्टफोन घेऊन दिला तर देवघरात ठेवला.

रानफूल
अलेक्झांडर स्टुब्ब पंतप्रधान असताना २०१४ ला म्हणाले होते ना, आयफोनने नोकियाला आणि आयपॅडने कागदाला मारलं, अशा अर्थाचं? कागदाचं काय झालं ते कुणी सांगेल का?

ताम्पेरेकर
सांगतो. छापायच्या कागदाची युरोपातली मागणी २००० च्या दशकाच्या मध्यानंतर उतरणीला लागली. फिनलंडमध्ये अनेक गावं म्हणजे एक नदी, एक कारखाना, एक चर्च. कारखाना गेला की गाव बसतं. वोइक्का २००६, केमियार्वी २००८, काइपोला २०२०-२१. हामिनाजवळची सुम्मा गिरणी २००८ ला बंद पडली, ती पुढच्या वर्षी गूगलने विकत घेतली आणि तिथे डेटा सेंटर केलं. गिरणीसाठी खोदलेला समुद्राच्या पाण्याचा बोगदा आता संगणक थंड ठेवतो. छान आहे, मी लोकांना आवर्जून सांगतो. पण गिरणीत जेवढे हात लागायचे तेवढे डेटा सेंटरला लागत नाहीत.

आता लांबचं थोडं, कारण प्रश्न दीर्घ वाढीचा आहे. १८६६ ते ६८ च्या दुष्काळात फिनलंडची सुमारे ८ टक्के लोकसंख्या दगावली. लोक पाइनच्या सालीचा आतला थर वाळवून, दळून पिठात मिसळत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दरडोई उत्पन्न ब्रिटनच्या निम्म्याहूनही कमी. १९१८ ला यादवी. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडचा करेलिया प्रांत सोव्हिएत संघाकडे गेला, तिथून ४ लाखांवर माणसं उठून आली, म्हणजे देशातला दर नववा माणूस निर्वासित, आणि त्यांना जमिनी काढून दिल्या. वर सोव्हिएत संघाला ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई, १९३८ च्या भावाने, ती पैशात नव्हे तर जहाजं, इंजिनं, यंत्रं अशा वस्तूंत. ती १९५२ ला पुरी फेडली, त्याच वर्षी हेलसिंकीत ऑलिम्पिक भरवलं. लाकूड विकणाऱ्या देशाने फेडीच्या धाकाने यंत्रं बनवायला घेतली, आणि फेड संपल्यावर तीच यंत्रं तिकडेच विकायला लागला.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसते. हा देश फार वेगाने वाढला, पण दर वेळी एका मोठ्या आधारावर. आधी लाकूड, मग कागद आणि सोव्हिएत ऑर्डरी, मग एक कंपनी. आधार सुटला की खड्डा.

मीठभाकर
मी हेलसिंकीला लागून असलेल्या वांतात राहतो, गावाकडे कागल. पदव्युत्तर शिक्षण संपून वर्ष होत आलं. धागा वाचून थोडं मोकळं व्हावंसं वाटलं.

माझ्याकडे नोकरी शोधण्यासाठीचा दोन वर्षांचा परवाना आहे, त्यामुळे निदान वेळ आहे. रूममेटची नोकरी गेली, त्याचा परवाना नोकरीवरचा. २०२५ च्या जूनपासून नियम असा की नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधा, काही प्रकारच्या परवान्यांना सहा. इथे एका जागेची निवडप्रक्रियाच दोन-दोन महिने चालते. तो रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसतो. संध्याकाळी आम्ही दोघं डबे पोचवायला सायकलवर निघतो. नोव्हेंबरात चार वाजता अंधार, ओला बर्फ चष्म्यावर, आणि जिन्याच्या दाराचा कोड गिऱ्हाईकाने दिलेला नसतो.

गावाकडे फोनवर सगळं छान चाललंय म्हणतो. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलंय. मला मोठी चर्चा कळते, पण माझा प्रश्न एवढाच आहे की थांबावं का?

खातेवही
मीठभाकर, बाळा, आधी वडिलांना खरी परिस्थिती सांग. सोसायटीचा हप्ता पुढे ढकलायचा असेल तर वेळेवर सांगितलं तर मार्ग निघतो, थकल्यावर निघत नाही. हे मी टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस म्हणून सांगतो.

ओउलूची_वारी
मीठभाकर, निरोप पाठवला आहे. बायोडेटा धाड. वचन देत नाही, पण दोन-तीन ठिकाणी दाखवतो. फिनिशची पातळी कितपत आहे तेही लिही. राजधानीबाहेर भाषेवाचून अडतं.

उत्तरायण
मीठभाकर, शनिवारी जेवायला ये, रूममेटलाही आण. पत्ता निरोपात पाठवते.

चिंचपोकळी
नव्वदीत लोकांनी हे कसं सोसलं असेल? आत्महत्या खूप वाढल्या असतील ना?

उत्तरायण
मलाही तसंच वाटायचं. पण आकडे उलटे आहेत. फिनलंडमध्ये आत्महत्यांचं प्रमाण १९९० ला, म्हणजे मंदी लागण्याआधी, सर्वांत जास्त होतं आणि मंदीच्या वर्षांतच ते उतरायला लागलं. १९८६ पासून त्यांनी देशभर आत्महत्या रोखण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते, चर्च, सैन्य सगळे त्यात होते. बेकारभत्ताही चालू राहिला.

खरी किंमत मोजली ती मुलांनी. शाळांचे तास कापले, घरी येऊन मदत करणारी सेवा कापली, मुलांच्या मानसिक आरोग्याच्या सेवा कापल्या. १९८७ साली जन्मलेल्या सगळ्या मुलांचा इथे पाठपुरावा केला गेला आणि ज्या घरांत मंदीने पैशाची ओढाताण झाली त्या घरांतल्या मुलांवर त्याचा ठसा मोठेपणीही दिसला. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई त्याच वयाची आहे. तिच्या लहानपणी वडिलांचं दुकान गेलं. आजही ती हप्त्यावर साधं वॉशिंग मशीनही घेत नाही.

म्हणून आताची काटकसर बघून मला भीती वाटते. सप्टेंबर २०२४ ला विक्रीकर २४ वरून २५.५ टक्के केला, भत्ते कापले, तेही बेरोजगारी वाढत असताना.

सह्यकडा
पण सरकारी कर्ज जीडीपीच्या ८० टक्क्यांच्या वर गेलंय. कापू नये तर काय करावं? १९९० ला ते १५ टक्क्यांच्या आत होतं, म्हणून तेव्हा कर्ज काढून मंदी झेलता आली. आता ती सोय नाही.

आणि परत तेच म्हणतो. चलन खाली आणता येत नाही म्हणून मजुरी खाली आणावी लागते. २०१६ चा स्पर्धाक्षमता करार आठवा. वर्षाला २४ तास जादा काम, तेही जादा पगाराशिवाय. सरकारी नोकरांच्या सुट्टीच्या बोनसलाही कात्री. मार्का असता तर हेच काम एका रात्रीत झालं असतं.

खातेवही
एका रात्रीत, आणि परदेशी कर्जवाल्यांच्या मानेवर. वर लिहिलंच आहे.

पूर्वकरेलिया
पहिल्यांदाच लिहिते आहे. आम्ही लाप्पेनरांतात राहतो, रशियाच्या सीमेपासून अगदी जवळ. इथे दुकानांत रशियन पाट्या असायच्या. सेंट पीटर्सबर्गहून लोक बसने यायचे, चीज, कॉफी, भांड्यांचा साबण, डायपर भरभरून न्यायचे, विमानतळावर मिळते तशी कराची परतफेड घ्यायचे. २०२२ ला ते आटलं आणि २०२३ च्या डिसेंबरपासून सीमा पूर्ण बंद. नुइयामाच्या नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आता गाडीच दिसत नाही. ज्यांनी ती दुकानं पाहिली नाहीत त्यांना 'रशियाशी व्यापार बंद' हे फक्त वाक्य वाटतं. इथल्या लाकडाच्या गिरण्यांनाही तिकडून बर्चचं लाकूड यायचं, तेही थांबलं.

सीमा बंद केली ते योग्यच केलं, याबद्दल इथे कुणाच्या मनात शंका नाही. पण त्याचा हप्ता आमचं गाव भरतंय.

रानफूल
म्हणजे १९९१ चाच प्रकार दुसऱ्यांदा. तोच शेजारी.

ताम्पेरेकर
आकाराने नाही. २०२१ ला रशियाचा निर्यातीतला वाटा ५ टक्क्यांच्या आसपासच होता. पण पूर्वेकडच्या गावांना फरक पडला, हे पूर्वकरेलियाताईंचं खरं आहे.

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण युरोवरून आपण तीन वेळा फिरून आलो. लोकसंख्या कुणीच काढली नाही. युद्धानंतर १९४५ ते ४९ या वर्षांत इथे दर वर्षी लाखभर मुलं जन्मली. १९९३ ला ही पिढी पन्नाशीच्या आत, कामावर, कर भरत होती. २०१० च्या सुमारास ती निवृत्त व्हायला लागली आणि तेव्हापासून १५ ते ६४ वयाची माणसं कमी होत आहेत. २०२३ ला जन्मदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.३ च्याही खाली गेला. नव्वदीत बेकार माणसं कामाची वाट बघत उभी होती, ऑर्डर आली की उत्पादन वाढायचं. मागे तेवढी माणसंच उरली नसतील तर वाढ कुठून येणार?

सह्यकडा
हा मुद्दा जड आहे, मानतो. पण माणसं कमी झाली तर जीडीपी वाढणार नाही, एका तासात एक माणूस किती कमावतो ते तरी वाढायला हवं ना? तुम्हीच आकडे बघा, तासाचं उत्पादनही २००८ पासून फारसं हललेलं नाही. ते लोकसंख्येने कसं सांगणार?

ओउलूची_वारी
सह्यकडांनी नेमकं बोट ठेवलं. ते ना लोकसंख्येने सांगता येतं, ना नुसत्या युरोने. त्यातला काही भाग नोकियाचा. सर्वांत जास्त कमावणारे तास नाहीसे झाले, तर सरासरी खाली येणारच. पण नंतर जे झालं त्याचा मला राग आहे.

नव्वदीच्या मंदीत एस्को आहोंच्या सरकारने सगळं कापलं, पण संशोधनाला हात लावला नाही. १९८३ पासून चालू असलेली तेकेस ही संस्था कंपन्यांना आणि विद्यापीठांना तंत्रज्ञानासाठी पैसे देत होती, ते मंदीतही वाढले. नवी व्यावसायिक महाविद्यालयं त्याच वर्षांत उभी राहिली. १९९६ ला पुढच्या सरकारने सरकारी कंपन्यांचे शेअर विकून संशोधनाचा पैसा आणखी वाढवला. मंदीच्या सुरुवातीला संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या २ टक्के होता, दशक संपताना ३ टक्क्यांच्या वर.

आणि २००९ नंतर? तो ३.७ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत २.७ वर आला. कंपन्यांनी कापला, आणि त्याच वेळी सरकारनेही तेकेसचे आणि विद्यापीठांचे पैसे कापले. आमच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत जिथे आम्ही मोजमापाला जायचो तिथे उपकरणं होती, पण चालवणाऱ्या दोन माणसांपैकी एकच उरला होता. जेव्हा हजारो इंजिनियर रिकामे होते तेव्हाच त्यांना काम देणारं दार अर्धं लोटलं. उत्तरायणताई, दोन मंद्यांमधला फरक विचारलात तर माझं उत्तर हे.

उत्तरायण
हे मात्र ऑफिसात कुणी म्हणालं नव्हतं. मग आता? संशोधनाचा खर्च २०३० पर्यंत ४ टक्क्यांवर न्यायचं सगळ्या पक्षांनी मिळून ठरवलंय आणि सरकारी वाट्यासाठी कायदाही केलाय ना?

ओउलूची_वारी
केलाय. सत्तेत कुणीही आलं तरी मोडायचा नाही असं ठरलंय, ही मोठी गोष्ट. पैसे यायलाही लागलेत, डॉक्टरेट करणाऱ्यांच्या जागा वाढल्या. माझा आक्षेप एवढाच की एका हाताने शिकलेल्या लोकांना बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने तीन महिन्यांत नोकरी शोधा नाहीतर निघा म्हणायचं, हे एकत्र चालत नाही. पीएचडी करणाऱ्यांत परदेशी किती असतात ते कुठल्याही प्रयोगशाळेच्या दारावरच्या नावांवरून कळतं.

सह्यकडा
संशोधनाचं मान्य. तरी त्याची फळं यायला दहा वर्षं लागतात, तोवर काय? तोवर निर्यातच वाढवावी लागेल, आणि तिथे परत चलन येतं.

ताम्पेरेकर
निर्यात कशाची ते बघा. तुर्कूच्या गोदीत जगातली सर्वांत मोठी प्रवासी जहाजं बांधली जातात, तीही युरोच्याच भावाने. तिथलं काम पुढची कित्येक वर्षं भरलेलं आहे.

खातेवही
गोदीवर वेगळा धागा निघावा असा विषय आहे. ताम्पेरेकर, तुम्हीच काढा. सोव्हिएत काळात तिथल्या गोद्यांत बर्फ फोडणारी जहाजं कशी बांधायचे तेही त्यात घ्या.

मीठभाकर
वडिलांशी बोललो. रागावले नाहीत, सोसायटीच्या सचिवांना भेटतो म्हणाले. ओउलूची_वारी दादा, बायोडेटा पाठवला आहे, फिनिश बी-वनच्या परीक्षेची तारीख त्यात लिहिली आहे. उत्तरायणताई, शनिवारी आम्ही दोघं येतो. येताना काय आणू?

उत्तरायण
काही नको. हिरव्या मिरच्या मिळाल्या तर आण, इथल्या दुकानात संपल्यात.